नाव काढणे

अ‍ॅबरडीनला नोव्हेंबरातच बर्फ पडतो.
तो बसमधून उतरला तो पातळ जॅकेटात,
खांद्यावर कॉलेजची बॅग,
बॅगेवर कॉलेजचा पेलिकन, एक डोळा घासून गेलेला.
“एमरी पेटिग्रू,” म्हणाला. “गार्ड.”
मी म्हटलं, “मी आर्डिस. कपडे धुते, नावं शिवते.
अकरा नंबर नाहीये, अकरावर टकर बसलाय.
चाळीस चालेल?”
चाळीस म्हणजे धिप्पाड सेंटरचा शर्ट.
थोरल्या भावाचा घातल्यासारखा दिसला त्याच्या अंगावर.

पेटिग्रू. इंग्रजीत नऊ अक्षरं.
या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत कमान धरावी लागते,
आणि शेजारीशेजारचे दोन टी
माझ्या मशीनवर कधी सरळ उभे राहत नाहीत.

बिस्मार्कला जाताना रात्री बसमध्ये सगळे झोपतात.
हा झोपत नाही. पुढे येऊन ड्रायव्हरमागे बसतो,
मांडीवर चेंडू, बोटं चेंडूवर,
आणि सांगतो मिसिसिपीचं:
जिममध्ये चार हजार माणसं, छत गळायचं,
आणि तो रेषेपाशी पोचला की सगळी एका आवाजात,
टाक! टाक!
(मला आपले टाकेच ऐकू येतात.)
मग ती जूनची रात्र.
मावशीने चाळीस माणसांची मॅकरोनी केलेली.
टीव्हीवर एकेक नाव पुकारलं गेलं,
शेवटचंही पुकारून झालं.
मॅकरोनी आठवडाभर पुरली, म्हणतो,
आणि हसतो, खिडकीकडे बघून.

इथे सहाशे माणसं येतात.
त्यातली निम्मी फुकट हॉट डॉगसाठी.
कोच नावं ठेवतो: बुटका आहेस, पास फार देतोस,
वरच्या टीमला पास मोजायला वेळ नसतो.
तो मान हलवतो, आणि पुढच्या मॅचला परत पास देतो.
सगळे गेल्यावर एकटा राहतो कोर्टवर.
मी खाली टॉवेल वाळवत असते,
माझ्या डोक्यावर धप, धप,
मध्येच शांतता,
तेव्हा मी हात थांबवते. गेला की नाही ते जाळीचं जाळीला ठाऊक.

जानेवारीत फोन आला वरून. दहा दिवसांचा करार.
ताटलीत पॅनकेक तसेच टाकून गेला,
सिरपसुद्धा ओतून झालं होतं.

माणूस गेला की त्याच दिवशी नाव काढायचं,
असा इथला नियम आहे. शर्ट मोजके, पोरं फार.
तिकडे मेरिडियनमध्ये मावशी सांगत सुटली असेल
चर्चच्या पायऱ्यांवर, पोराने नाव काढलं हो!
इकडे मीही तेच करत होते.
ब्लेडने. डब्ल्यूपासून सुरुवात करून, उलटं.

हार्लनच्या बारमध्ये बघितला मी त्याला, आवाज बंद होता.
दहा दिवसांत चार मिनिटं.
एक चेंडू टाकला, कडीवर फिरला,
फिरला,
आणि बाहेरच्या बाजूला पडला.
पाठीवरचे दोन्ही टी मात्र सरळ उभे होते.
कुणी शिवले असतील, चांगला हात आहे.

अकराव्या दिवशी दारात उभा. अंगात जाड, नवा कोट.
“चाळीस दुसऱ्याला गेला,” मी म्हटलं,
“पण टकर पोलंडला गेलाय. अकरा मोकळा आहे.”
त्याने शर्ट उजेडात धरला.
टकरची सुईची भोकं दिसतात अजून,
किती धुतला तरी बुजत नाहीत.
त्याने त्यावरून बोट फिरवलं, सहा अक्षरं, आंधळ्यासारखं.
“याच्यावरच शिव,” म्हणाला. “आणि आर्डिस,
कच्चे टाके घाल.
फार दिवस लागणार नाही मला.”

मी पक्के घातले.
ब्लेड काय, माझ्याकडे आहेच.